उद्याची पहिली गाडी

साखराबाई पहिलं पान यंदाही विनीतालाच वाढणार होती, आणि भांडण त्याच्या आधीच उरकून घ्यावं असं तिच्या नवऱ्याला, व्यंकटला वाटत होतं. भाद्रपद पौर्णिमेचं जेवण भूकंपात गेलेल्यांच्या नावाचं. त्या पानावर बसून आवाज चढवणं बरं दिसत नाही. म्हणून स्वयंपाक व्हायच्या आधीच सगळे पुढच्या शेडात येऊन बसले. आत कढीला उकळी येत होती, आणि उंबऱ्यात बसून शिवांगी कोथिंबीर निवडत होती. आज तिचाच निकाल लागायचा होता.

शेड म्हणजे सरकारी घराला पुढून जोडलेले पत्रे. भूकंपानंतर बांधून मिळालेल्या दोन खोल्यांना पक्का स्लॅब होता, कोपऱ्याकोपऱ्यात लोखंड ओतलेला, इंजिनिअरांनी हमी दिलेला. त्या खोल्यांत साखराबाईने ज्वारीची पोती ठेवली होती. माणसं निजायची ती पत्र्याखाली. पत्रा अंगावर पडला तर माणूस उठतो, दगड पडला तर उठत नाही. घर कसं असावं याबद्दल तिला एवढंच कळून चुकलं होतं आणि तेवीस वर्षांत कुठल्याही इंजिनिअरने तिचं मत बदललं नव्हतं.

विनीताला एकटीला खुर्ची दिली होती. तिचा उजवा गुडघा वाकत नसे. या गुडघ्याने तिला नांदेडच्या मैदानावरून विद्यापीठाच्या संघात नेलं, तिथून दोनदा बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत नेलं, आणि एका दुपारी सगळ्यांसमोर दगा दिला. मग ती लातूरच्या एका कॉलेजात खेळाची शिक्षिका झाली आणि खेड्यापाड्यांतल्या पोरींची शिबिरं घेऊ लागली. भूकंप झाला त्या वर्षी तात्पुरत्या वस्तीच्या पत्र्यांमध्ये तिने एक लोखंडी खांब रोवला, वर रिंग ठोकली आणि पोरी गोळा केल्या. त्या रिंगखालून खेळाडू निघाल्याच, पण त्याहून जास्त निघाले ते वाद. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचं कुठे ठरतंय असं कानावर आलं की विनीता त्या घरी जाऊन बसायची, चहा न घेता. काही लग्नं मोडली. काही बापांनी तिला तोंडावर शिव्या घातल्या. निलंग्याकडच्या एका गावात तिच्या लुनाच्या दोन्ही चाकांची हवा गेली होती, आणि ती गाडी ढकलत हमरस्त्यापर्यंत चालत आली होती, तेही याच गुडघ्यावर. आता लातुरात तिच्या कॉलेजच्या मैदानावर सकाळी चेंडू नसे, शिकवणीला आलेल्या पोरांच्या सायकली असत. त्याच्याविरुद्धही ती अर्ज करत होती.

"मॅडम, मी सरळ बोलतो," दयानंदने सुरुवात केली. तो शिवांगीचा बाप. "मी गुरुजी माणूस. लोह्याला चौथीला शिकवतो. आमच्या शाळेत रिंग न्हाई, मैदान म्हनाल तर बैलबाजाराची जागा. मला तुमच्या खेळातलं कळत न्हाई. पण पोरीला दहावीला किती पडले, ते कळतं."

"मलाही कळतं, दयानंदराव."

"मग ऐन अकरावीत वीस दिवस पुण्याला कामून नेताय?"

"महाराष्ट्राच्या संघाचं शिबिर आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून एकच मुलगी घेतलीय."

"एकच!" व्यंकटने मांडीवर थाप मारली. शिवांगीच्या आईचा तो चुलता, पण बाप गेल्यावर तिचं कन्यादान त्यानेच केलं होतं. "नांदेड आन लातूर मिळून एक, जावईबापू. ही काय मामुली गोष्ट झाली का?"

"मामुली नाही, काका," अंबरीश म्हणाला. विनीताचा हा धाकटा भाऊ नांदेडला फिजिक्सचा क्लास चालवत होता, आणि शिवांगीला आपल्या पहिल्या बॅचमध्ये घ्यायला तयार झाला होता. आज तो बहिणीला गाडीतून घेऊन आला होता खरा, पण बसला होता दयानंदच्या बाजूला. "अक्का, तू चिडू नकोस. पण वीस दिवसांत माझं रोटेशन संपतं. वर्तुळाकार गती एकदा हुकली की पोरगं वर्षभर फिरत बसतं."

"चेंडू बोटावर फिरवते ती. तुझं रोटेशन तिला माझ्याकडेच आलंय."

"परीक्षेत बोटावर फिरवून दाखवा म्हणत नाहीत."

व्यंकट हसला. दयानंदही हसला असता, पण त्याने तोंड आवरलं.

"तुझ्या त्या हॉस्टेलांत पोरी उशीत तोंड खुपसून रडतात, अंब्या. मी जाऊन बघून आलेय."

"आणि तुझ्या शिबिरात कुणी रडलं नव्हतं?"

अंबरीशला बोलून गेल्यावर कळलं. चुलीपाशी भजी तळत असलेल्या शिवांगीच्या आईचा, शिवकन्येचा झारा क्षणभर थांबला. तिचा विषय निघाला होता, आणि या घरात तिचा विषय म्हणजे एकच गोष्ट.

व्यंकटने ती आनंदाने उचलली. दर पौर्णिमेला तो ती सांगायचाच.

"रडली ना! ही शिवकन्या रडून रडून बेजार. चौदाची होती. दादारावनं, माझ्या थोरल्या भावानं, हिचं कुंकू लावायचं ठरवलं होतं. चतुर्दशीचा दिवस, सगळे पाव्हणे गोळा. मी लातूरला आनायला गेलो, तर ह्या ताई दारात उभ्या. म्हनल्या, शिबिर चालू हाय, पोरगी मिळनार न्हाई. लई हुज्जत घातली मी. शेवटी म्हनल्या, उद्या पहिल्या गाडीनं मीच घेऊन येते, मला दादारावांशी बोलायचंय. आलो हात हलवत. पाव्हणे रागानं निघून गेले. आन पहाटे..." त्याने हात जमिनीशी नेला. "ताईंनी त्या दिवशी सोडली असती तर? आज ही शिवकन्या न्हाई, ती शिवांगी न्हाई. आन जावईबापू, तुमी दुसऱ्याच कुनाच्या तरी ओट्यावर बसून भजी खात असता."

यावर सगळे हसायचे, दर वर्षी. आजही हसले. ही गोष्ट चालू असताना विनीता नेहमी खाली बघत असे. कौतुक संपेपर्यंत पायाच्या अंगठ्याकडे बघायचं आणि मग जेवायला बसायचं, अशी तिची रीत. आज मात्र तिला शिबिर हवं होतं. तिने मान वर केली.

"व्यंकटराव बरोबर बोलले," ती म्हणाली. "तेव्हाही सगळे माझ्यावर चिडले होते. मी ऐकलं नाही, म्हणून आज आपण इथे बसलोय. आताही माझं ऐका."

शब्द बाहेर पडताच तिला त्यांचं वजन लागलं. एवढ्या वर्षांत तिने ते कधी कुणाच्या अंगावर टाकलं नव्हतं.

"सगळे न्हवते चिडले, ताई."

आवाज आतून आला. साखराबाई दारात आली होती. एका हातात खिरीचं पातेलं, दुसऱ्यात पळी. ती फार बोलणारी बाई नव्हती. व्यंकट बोलायचा आणि ती वाढायची, असं त्यांच्या संसाराचं वाटप होतं.

"एकजन खूश झाला होता," ती म्हणाली. "लई खूश."

"साखरा," व्यंकट म्हणाला.

"माजा नागू."

व्यंकटने डोक्यावरची टोपी काढली आणि तो तिची शिवण बघत बसला.

"आमचं बिऱ्हाड तवा शेतातल्या कोपीत, कुडाच्या झोपडीत होतं," साखराबाई विनीताकडे बघून सांगू लागली, जणू बाकी कुणी नव्हतंच. "नागू रोज आमच्यासंगं तिथंच निजायचा. सात वर्षांचं लेकरू. इसर्जन बघायला गावात मोठ्या घरी, भावजींकडं गेलतं. ह्यांनी येऊन सांगितलं, शिवकन्याअक्का उद्या पहिल्या गाडीनं येनार हाय. झालं. नाचायलाच लागलं. म्हनलं, मी शेतात येत न्हाई, मोठ्या आईपाशी निजतो. सकाळी फाट्यावर जातो, अक्काची पिशवी मीच घेनार. मी म्हनलं, ऱ्हा."

कढी उतू गेली. चुलीवर सर्र झालं आणि शिवकन्येने पातेलं उतरवलं, पण बाहेर कुणी तिकडे बघितलं नाही.

"मी तुमाला दोष देऊन न्हाई राहिले," साखराबाई म्हणाली. "तुमी आमची पोरगी वाचवली. पहिलं पान तुमाला वाढते ते मनापासून वाढते. पण हे निम्मीच गोष्ट सांगतेत. लोकाला निम्मीच आवडती. सांगू द्या. पण निम्मी गोष्ट पुढं करून माज्या नातीला कुटं नेऊ नका."

विनीताला ती सकाळ आठवली. शब्द दिल्याप्रमाणे ती शिवकन्येला घेऊन निघाली होतीच. फक्त गाडी फाट्याच्या बरीच अलीकडे थांबली होती आणि पुढे सगळे चालत होते. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर धाब्याचं ओझं. पांढऱ्या मातीने कुठे काय होतं तेच कळत नव्हतं. दादारावाच्या घरातून काढलेल्यांत एक लहान मुलगा होता. तो व्यंकटचा, हे तिला तिथेच कळलं होतं. आईबाप शेतात वाचले आणि पोर गावात कसं गेलं, हा प्रश्न मात्र तिला पडला नव्हता. त्या दिवशी प्रश्न पडायला जागाच नव्हती. नंतरच्या तेवीस वर्षांत भरपूर होती.

उद्या हा शब्द माणूस दिवसातून दहा वेळा बोलतो, असं तिला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं.

शिवांगी उठली. कोथिंबिरीच्या काड्या मांडीवरून खाली पडल्या.

"आजी, मी नाही जात पुण्याला. मी नांदेडलाच जाते."

"थांब," विनीता म्हणाली. ही तिची सवय होती, तोंडातून आपोआप निघाली. "आजीला वाईट वाटलं म्हणून आत्ता काही ठरवू नकोस. बैस."

"हाव, बेटा," दयानंदही घाईने म्हणाला. सासूच्या जागी असलेल्या बाईचं असं बोलणं त्याने कधी ऐकलं नव्हतं आणि तो हबकला होता. "तसं न्हाई. जायचं असेल तर जा पुण्याला. वीस दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? अंबरीश सर बघतील, काय सर?"

"बघू ना," अंबरीश म्हणाला. "रोटेशन मी रविवारी घेईन वेगळं. अक्का, खरंच."

आता सगळेच विनीताच्या बाजूला आले होते, आणि तिला त्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

शिवकन्या पदराला हात पुसत बाहेर आली. ती सदतीस वर्षांची होती, पण या शेडात आली की अंग चोरून उभी राहायची.

"मला एक बोलायचंय," ती म्हणाली. "मॅडम, राग मानू नका. काका, तुमीबी."

"बोल की, माय."

"त्या दिवशी मी रडत होते, ते कुंकवासाठी न्हाई. कुंकू काय असतं, तेबी मला धड माहीत न्हवतं. आमच्या गल्लीच्या गणपतीपुढं पोरींचं लेझीम बसलं होतं. मी म्होरच्या ओळीत होते. मला लेझीम खेळायला घरी जायचं होतं. आण्णांनी लग्न ठरवलं. मॅडमनी शिबिर ठरवलं. दोघंबी माझ्या भल्यासाठीच भांडले. पण शिवकन्ये, तुला काय पाहिजे, हे दोघांनीबी इचारलं न्हाई."

"बाळा, विचारलं असतं तर..." विनीता थांबली.

"विचारलं असतं तर मी घरी गेले असते, आन मेले असते," शिवकन्या शांतपणे म्हणाली. "म्हनून तर कधी बोलले न्हाई. न इचारल्यामुळं जी वाचली, तिनं कुठल्या तोंडानं तक्रार करायची? दर पौर्णिमेला काका गोष्ट सांगतेत, तुमी हसता, मी भजी तळते." तिने उपरण्यासारखा पदर खांद्यावर ओढला. "पण ही काय मरायला चालली न्हाई कुठं. पुण्याला, न्हाईतर नांदेडला. हिला इचारायला काही हरकत न्हाई. शिवू, सांग. माझ्याकडं बघू नको. कुनाकडंच बघू नको."

शिवांगी शेडाच्या बाहेर बघत राहिली. पुनर्वसित गावाचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. शेवटचं घरसुद्धा इथून दिसायचं.

"मला खेळ आवडायचा," ती म्हणाली. "आठवीपर्यंत. मग मॅचेस मोठ्या झाल्या. हे आबा प्रत्येक मॅचला यायचे आणि लोकांना सांगायचे, हिची आई या खेळामुळं जगली. खूप छान वाटायचं. नंतर नंतर चेंडू रिंगवर फिरायला लागला की मला वाटायचं, आत नाही गेला तर आईला काहीतरी होईल. मला माहीत आहे असं काही नसतं. तरी वाटतं. फ्री थ्रोला माझे हात गार पडतात. मॅडमना वाटतं मी शांत आहे."

विनीताला वाटत होतंच. इतर पोरींना ती सांगायची, शिवांगीकडे बघा, बर्फासारखी उभी राहते. सात वर्षं तिने या मुलीचं मनगट, कोपर, पावलांमधलं अंतर बघितलं होतं. चेंडू सुटताना बोटं कुठे वळतात ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. हात गार आहेत का, ते बघायला तिने हात हातात घेतला नव्हता.

"आणि नांदेड?" तिने विचारलं.

"तिथं कुणाला ही गोष्ट माहीत नाही." शिवांगीने अंबरीशकडे बघितलं. "सर सोडून."

"मी कुणाला सांगणार नाही," अंबरीश म्हणाला. क्लासच्या पन्नास पोरांपुढे तासन्‌तास बोलणाऱ्या त्या माणसाने वाकून खाली पडलेल्या कोथिंबिरीच्या काड्या गोळा करायला घेतल्या.

व्यंकट उठला, टोपी हातातच ठेवून शेडाबाहेर गेला आणि लिंबाखाली पाठ करून उभा राहिला. जरा वेळाने शिवांगी त्याच्यामागे गेली. "आबा," ती म्हणाली, "तुमच्यावर नाही रागावले." तो मान हलवत राहिला, पण वळला नाही.

विनीता खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. संघटनेला आज दुपारपर्यंत नाव कळवायचं होतं. शिबिराची जागा रिकामी सोडली की पुढच्या वर्षी पुणेकर म्हणणार, मराठवाड्यात मुलीच नाहीत. आणि ते ऐकून घ्यायची तिची तयारी अजूनही नव्हती. यादीत दुसरं नाव होतं अर्धापूरच्या मनस्विनीचं. ती राखीव खेळाडू, केळीच्या बागाईतदाराची पोरगी.

परसात साखराबाई दगडावर पातेलं ठेवून उभी होती. आत गेलेल्यांना घास द्यायच्या आगारीसाठी निखारे काढले होते, धूर दारातून बाहेर येत होता.

"नागू मोठ्या घरी का होता," विनीता म्हणाली, "ते मला ठाऊक नव्हतं, साखराबाई."

"ठाऊक असतं तर काय केलं असतं?"

विनीताने अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"तुमी रडला असता," साखराबाई म्हणाली. "आमी तवा लई जनांना रडताना बघितलं. मंत्री रडले, फोटोवाले रडले. तुमी न रडता चेंडू घेऊन आलात. गावातल्या पोरी संध्याकाळी वरडायला लागल्या. मला लई राग यायचा, इतकी मान्सं गेली आन ह्या वरडतेत. मग एक दिवस आवाज आला न्हाई, तुमी लातूरला गेल्ता. मी तुमची वाट बगत बसले." ती पातेलं उचलू लागली. "मी बोलायला न्हवतं पाहिजे. पन आज लेकराचंच जेवन. त्याच्या वाटची गोष्ट कुनीतरी सांगायला पाहिजे होती."

"बरं केलंत."

"बरं कशाचं आलंय त्यात," साखराबाई म्हणाली. "चला, पानं घेते."

"एक फोन करून येते."

घराच्या मागे पुनर्वसनातली मोकळी जागा होती, तिथे आता गवत माजलं होतं. विनीताने नंबर लावला. मनस्विनीनेच उचलला, मागे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज आणि हौदात पडणारं पाणी ऐकू येत होतं.

"मॅडम! नमस्ते मॅडम!"

"पुण्याच्या शिबिरात एक जागा झालीय," विनीता म्हणाली.

पुढचं वाक्य तयार होतं. बॅग भर, परवा सकाळी स्टँडवर ये, वडिलांशी मी बोलते. किती पोरींना ती हे वाक्य बोलली असेल, याचा तिला अंदाज नव्हता. त्यांतल्या कितीतरी त्या वाक्यामुळे घराबाहेर पडल्या होत्या, आज नोकऱ्या करत होत्या, तिला दिवाळीला फोन करत होत्या. तिने ते वाक्य गिळलं.

"तुला यायचंय का, मनू?"

"मॅडम, बाबांना विचारून सांगू?"

"बाबांशी मी नंतर बोलेन. तुला विचारतेय."

"म्हणजे... तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

"मी काही म्हणत नाही. तू नको म्हणालीस तरी मी रागावणार नाही, आणि तुझी जागा संघात राहील. तुला काय वाटतं ते सांग. सावकाश सांग, मी आहे फोनवर."

पलीकडे पाणी पडत राहिलं. कुणीतरी मोटार बंद केली, तसा तो आवाजही थांबला, आणि मग फक्त त्या मुलीचा श्वास ऐकू येऊ लागला. विनीता गुडघा सांभाळत गवतात उभी होती. घरातून शिवकन्येने हाक मारली, मॅडम, पानं वाढलीत. विनीताने मागे न वळता हात वर करून तिला थांबायला सांगितलं आणि फोन कानाला आणखी घट्ट लावला.